बापूराव बदकांचं पुढे काय झालं

शरयूताई कर्णिकांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द म्हणजे 'शी'.

ठाण्याला चेंदणी कोळीवाड्याच्या तोंडाशी जितू नाखवाने आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ काढला होता. परदेशातून आलेल्या कार्टून मालिकांना तिथे मराठी आवाज द्यायचे. स्टुडिओ म्हणजे काय, तर दोन खोल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडक्या कायमच्या बंद, आणि आवाज येतो म्हणून पंखासुद्धा बंद. त्या गाद्यांनी कितीजणांचा घाम पिऊन ठेवला होता कोण जाणे. नव्वदीचा मध्य होता. केबलवर रोज एक नवीन वाहिनी उगवत होती आणि प्रत्येकीला स्वस्तात माल हवा होता. मी कल्याणहून आवाजाची चाचणी द्यायला गेलेले. दार उघडलं तर समोर पन्नाशी ओलांडलेल्या, निऱ्या चापून बसवलेल्या एक बाई थर्मासमधून गरम पाणी पीत उभ्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शी!"

मला वाटलं, मला म्हणाल्या. मग वाटलं, त्या गाद्यांना. नंतर कळलं की पडद्यावर एक बदक अर्धं वाक्य बोलून निघून गेलं होतं, त्याला म्हणाल्या.

शरयूताई त्या मालिकांचे संवाद मराठीत लिहायच्या आणि लहान मुलांचे आवाजही काढायच्या. आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी ट्रंक कॉल जोडून दिले, आणि वेळ संपली की तोडलेही. "लोक नेमकं सांगायच्या वेळी सांगायचे नाहीत," त्या म्हणायच्या. "हवापाणी, म्हशी, गुडघे, सगळं सांगून झालं की शेवटी 'आणि हो, एक गोष्ट...' म्हणायचे, आणि लाइन कट. त्या सगळ्या न सांगितलेल्या गोष्टी माझ्या कानात अडकून राहिल्यात." त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर उत्तर यायचं, "नाही केलं." त्यांच्या मते ते पूर्ण उत्तर होतं.

किळस हा त्यांचा स्थायीभाव होता. पण ती किळस आपल्यासारखी नव्हती. नाखवाच्या अंगणात जवळा वाळत घातलेला असायचा. आम्ही सगळे नाकाला पदर लावून जिना चढायचो, आणि शरयूताई थांबून नाखवाच्या आईला विचारायच्या, "काय गं, अजून दोन दिवस लागतील ना?" वासाला घाण म्हणायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना शिसारी यायची ती अर्धवटपणाची. अर्धी विझवून खिशात ठेवलेली विडी. अर्धं खाऊन परत पिशवीत गुंडाळलेलं केळं. आणि सगळ्यांत जास्त 'बघू' ह्या शब्दाची.

"बघू म्हणजे काय? हो की नाही?"

"ताई, तसं नाय, जरा बघतो ना..."

"शी!"

ह्या 'बघू'वरून त्यांनी डोंबिवलीत स्वतःच्या सोसायटीत केलेला एक पराक्रम मला त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितला. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याला वास येत होता. सेक्रेटरी दर बैठकीला म्हणायचा, बघू. शरयूताईंनी तीनदा ऐकलं. चौथ्या बैठकीला त्या पाच मिनिटं उशिरा आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ती त्यांनी सेक्रेटरीच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि तिची गाठ सोडली. आत कबुतर होतं. फुगलेलं, पिसं गळालेलं, डोळ्यांच्या जागी काही नसलेलं. स्वतः टाकीवर चढून झाऱ्याने काढलेलं.

"आता बघा," शरयूताई म्हणाल्या.

दोन सभासद बाहेर पळाले. एकजण तिथेच ओकला. टाकी त्याच दिवशी साफ झाली. तो झारा मात्र शरयूताईंनी फेकला की परत स्वयंपाकघरात घेतला, ह्यावर त्या इमारतीत बरीच वर्षं वाद होता. त्यांच्याकडे जेवायला बसताना मी आधी आमटीच्या पळीकडे बघायचे.

आमच्याकडे जी मालिका आली होती ती दीपगृहात राहणाऱ्या बदकांच्या कुटुंबाची. विनोदी होती. चित्रं गोड, धडपडणं, आपटणं, पंख अडकणं, सगळं रीतसर. पहिल्याच भागात बाप बदक मीठ आणायला म्हणून होडी घेऊन जातो तो परतच येत नाही. मग प्रत्येक भागात आई आणि पिल्लं त्याला शोधायला निघतात, काहीतरी भलताच घोटाळा करून घरी येतात, आणि शेवटी आई त्याचं ताट वाढून ठेवते. मूळ नावं तोंडात बसणारी नव्हती, म्हणून शरयूताईंनी सगळ्यांचं बारसं केलं. बाप बापूराव, आई सगुणा, आणि धाकटं पिल्लू टिंगू. सगुणाचा आवाज माझा. टिंगूचा आवाज स्वतः शरयूताईंचा. चष्मा नाकावर, हात कमरेवर, आणि तोंडातून चार वर्षांच्या पोराचा आवाज: "आई, मला शू आली." आमचा रेकॉर्डिंग करणारा मुलगा रोज हसायचा आणि रोज बोलणी खायचा.

मालिका रोज संध्याकाळी लागायची आणि डोंबिवलीत शरयूताईंच्या घरी इमारतीतली पोरं ती बघायला जमायची. सगळ्यांत पुढे बसायची ती शेजारच्या शैला जगदाळेची सोनल, दुसरी-तिसरीतली. शैलाचं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा विलास आखाती देशात वेल्डर म्हणून गेलेला. सुरुवातीला फोन यायचे, ते शरयूताईंच्याच घरी, कारण फोन त्यांच्याकडे होता. मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग बंद. शैला म्हणायची, "काम असंल." वर्ष होऊन गेलं तरी म्हणायची, "काम असंल."

सोनल एक दिवस जाहिरात लागलेली असताना मागे वळून म्हणाली, "आजी, तुम्हीच लिहिता ना हे? मग सांगा ना. बापूराव येणार ना?"

शरयूताईंनी मला नंतर सांगितलं, "मीना, माझ्या तोंडावर 'बघू' आलं होतं. माझ्या! मी गिळलं. म्हटलं, शेवटच्या भागात कळेल. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं."

शेवटच्या भागाची टेप आली. आम्ही चौघं बसून बघितली. वादळ होतं. सगुणा ताट वाढते. दारावर थाप पडते. पिल्लं एकमेकांकडे बघतात. सगुणा हळूहळू दाराशी जाते, कडीला पंख लावते. आणि पडदा काळा. त्यावर नावांची यादी सरकायला लागली, मागे ढम्मक ढम्मक संगीत.

"पुढची टेप?" शरयूताईंनी विचारलं.

"नाय ना," नाखवा म्हणाला. "संपली. ती कंपनीच बसली म्हणतात तिकडं. पुढं बनवलीच नाय."

"मग दारात कोण आहे?"

"ते आता कोणाला माहीत? ताई, टेन्शन कशाला घेता? चॅनलवाले परत एक नंबरच्या भागापासनं लावणार. पोरांना काय, बदक पडलं की हसतात."

मी शरयूताईंना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत. त्यांचं तोंड वाकडं झालं, ताकात माशी निघावी तसं. म्हणाल्या, "जितू, दुसऱ्या मालिकांत एकमेकांच्या मागे धावणारी जनावरं मी लिहिलीत. ती जन्मभर धावू देत, माझं काही म्हणणं नाही. त्यात कोणी काही विचारलेलं नसतं. पण इथे रोज ताट वाढून दाखवलंत. रोज पोराला विचारायला लावलंत, बाबा कुठे आहेत. आणि आता दाराच्या कडीला हात लावून दुकान बंद? भरल्या ताटावरून उठवताय त्यांना. घाणेरडी माणसं आहात."

"मी काय केलं?"

"तू टेप घेतलीस."

दोन दिवसांनी त्यांनी तोड काढली. चित्र संपलं तरी काळ्या पडद्यावर नावं सरकत असतात, तेवढ्या वेळात संगीत बारीक करून मागे आवाज घालता येतील. चित्र नको, नुसतं बोलणं. दार उघडल्याचा आवाज, आणि पुढचा प्रसंग. नाखवाला ते आवडलं. फुकटात मिळत होतं, म्हणून आवडलं.

मी म्हटलं, "मग काय, बापूराव आले, भिजलेत, मिठाची पिशवी विरघळलीय. टिंगू म्हणतो, बाबा, मीठ कुठाय? झाला विनोद."

"हं," त्या म्हणाल्या. "तसंच लिहीन."

तसं लिहिलंही. पण रेकॉर्डिंग व्हायच्या आधी त्या कल्याणला गेल्या. विलासला बाहेर पाठवणाऱ्या एजंटचं ऑफिस तिथे बाजारात होतं. कशाला गेल्या, हे त्यांनी शैलाला सांगितलं नाही. मला वाटतं, बापूरावांना घरी आणताना त्यांना दुसरं काहीतरी टोचत होतं. एजंट म्हणाला, बघू. शरयूताई त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. तो जेवायला गेला, आला, त्या तिथेच. नवीन गिऱ्हाइकं आली की त्यांना मोठ्याने सांगायच्या, "ह्यांनी पाठवलेला माणूस कुठे आहे हे ह्यांना माहीत नसतं." टेलिफोनमधला आवाज तो, खणखणीत. अर्ध्या बाजाराला ऐकू जायचा. संध्याकाळी एजंटने हात जोडले. "बाई, तो कधीच परत आलाय. गेल्या दिवाळीच्या आधी. विठ्ठलवाडीला राहतो, तिकडे कारखान्यात आहे. त्यानेच सांगितलं, घरी कळवू नका."

विठ्ठलवाडी. कल्याणच्या पुढचं स्टेशन. डोंबिवलीहून अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी त्या तिथे गेल्या आणि तिथून तडक ठाण्याला आल्या. मी स्टुडिओत पोहोचले तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, ज्या पायरीवर एरवी रुमाल घातल्याशिवाय कोणी बसणार नाही.

"पाहिला," त्या म्हणाल्या. "लुंगी लावून पाव घ्यायला आला होता. कडेवर एक पोरगं. दुकानदाराला म्हणत होता, कालचा नको, ताजा दे. ताजा पाव हवा त्याला! मीना, मला तोंडात पाणी सुटलं, ओकारी येताना सुटतं ना तसं."

"मग? बोललात काय?"

"नाही."

शरयूताई आणि बोलल्या नाहीत.

थोड्या वेळाने त्या वर गेल्या, लिहिलेला शेवट फाडला आणि उभ्या उभ्या दुसरा लिहिला. आम्ही तो त्याच दिवशी रेकॉर्ड केला. त्यात एक बगळा आला होता, त्याचा आवाज नाखवाने दिला. शेवटचं वाक्य टिंगूचं होतं. ते बोलताना शरयूताईंचा आवाज जराही हलला नाही. रेकॉर्डिंग करणारा मुलगा मात्र त्या दिवशी हसला नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम डोंबिवलीला बोलावून घेतलं. घर पोरांनी भरलेलं. शैलाही कणकेचे हात तसेच घेऊन दाराशी उभी होती, सोनलने तिला ओढून आणलेलं. वादळ झालं. ताट वाढलं. थाप पडली. खोलीत एक पोर हलत नव्हतं. सगुणाने कडीला पंख लावला, पडदा काळा झाला, आणि त्याच क्षणी कपड्यांच्या साबणाची जाहिरात सुरू झाली. चिखलाचा डाग टुणटुण उड्या मारत गाणं म्हणत होता.

वाहिनी नावांची यादी दाखवतच नव्हती. तेवढ्या जागेत एक जाहिरात जास्त बसत होती. रोज कापत होती, आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आम्ही घातलेला शेवट त्यांनी न ऐकताच कापून टाकला होता.

पोरं ओरडायला लागली. "आजी, कोण होतं? आजी, फसवलं!" सोनल ओरडली नाही. ती त्या नाचणाऱ्या डागाकडे बघत राहिली, त्याच्यानंतर काहीतरी येईल म्हणून.

शरयूताई उठल्या. टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "उठू नका कोणी. संपलेलं नाही. मीना, तू बस तिथेच, तुझं बोल." आणि बोटाने टीव्हीवर दोनदा टकटक केलं.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "कोण आहे?"

"मी गं, सगुणा. शेजारचा बगळा." त्यांनी नाखवाचा खर्जातला आवाज काढला.

"ये रे बाबा. एवढ्या पावसात?"

"तुझे बापूराव भेटले मला. पलीकडच्या बेटावर."

"बरे आहेत?"

"बरे आहेत. आता तिथेच राहतात."

"मग इकडे कधी येणार?"

"येणार नाहीत, सगुणा. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून आलो."

इथे मी थांबायचं असं ठरलेलं होतं. मी थांबले. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मग मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आता आलायस तर जेवून जा. मुलांनो, पानं घ्या."

शरयूताईंनी हात कमरेवर ठेवले. चार वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाल्या, "आई, मग बाबांच्या वाटचा मासा मी खाऊ?"

पोरं हसली. सगळ्यांच्या आधी सोनल हसली, खदखदून. मग तिने विचारलं, "आजी, बापूराव वाईट आहेत?"

"हो," शरयूताई म्हणाल्या. "न सांगता गेले, म्हणून वाईट."

"आणि टिंगूने मासा खाल्ला?"

"सगळा. काटेसुद्धा चोखून."

पोरं गेली. शैला दाराशीच होती. हातावरची कणीक वाळून तिला भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "ताई, कुठं आहेत?"

शरयूताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "विठ्ठलवाडीला. एका बाईबरोबर राहतो. मूल आहे."

"तुम्ही बघितलं?"

"ह्या डोळ्यांनी."

"कधी?"

"आठ दिवस झाले."

मला वाटलं, शैला रडेल. ती रडली नाही. शरयूताईंकडे तिने ज्या नजरेने बघितलं ती नजर मी तोवर फक्त शरयूताईंच्याच चेहऱ्यावर पाहिली होती.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी रोज तुमच्या दारावरनं गेले. ताई, कशा आहात म्हणून विचारलं. आणि तुम्ही मला न सांगता बदकांचं लिहीत बसलात? पोरांच्या समोर, बगळ्याच्या आवाजात सांगितलंत मला?"

शैला निघून गेली. तिच्या घराची कडी लावल्याचा आवाज आला. शरयूताई खुर्चीत बसल्या. 'शी' म्हणाल्या, अगदी हळू, आणि ते कोणाला हे ह्या वेळी मला विचारावं लागलं नाही.

सकाळी शैलाच त्यांच्या दारात आली. म्हणाली, "घर दाखवायला चला. बोलायचं नाही तुम्ही. वर मी एकटी जाणार." शरयूताई गेल्या. त्याच दिवशी संध्याकाळची वेळ धरली, कारण तो कामावरून तेव्हाच परतायचा. त्यांनी लांबून जिना दाखवला आणि खाली पिठाच्या गिरणीसमोर उभ्या राहिल्या. शैला वर गेली. बराच वेळ झाला. वरून भांडणाचा आवाज नाही, रडण्याचा नाही, काहीच नाही. शरयूताईंच्या केसांवर पीठ बसलं. मग शैला खाली आली आणि म्हणाली, "चला. गाडी मिळेल."

ह्यापलीकडे ती काही बोलली नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर नाही, नंतरही नाही. आणि शरयूताईंनी विचारलं नाही.

त्या आठवड्यात त्या वाहिनीच्या ऑफिसात जाऊन आल्या. तिथल्या तरुण साहेबाने त्यांना थंड सरबत दिलं आणि सांगितलं, "मॅडम, एंडिंग कोण बघतं? लोकांना फन पाहिजे." त्यांनी सरबताचा ग्लास तसाच ठेवला आणि ठाण्याला येऊन नाखवाला सांगितलं, की मी उद्यापासून येणार नाही. नाखवाने गळ घातली. त्याच्या आईनेही घातली, वाळलेला जवळा पुड्यात बांधून हातात देत. जवळा त्यांनी घेतला. काम सोडलं ते सोडलं. टिंगूचा आवाज पुढे कोणी तरी मुलगी काढायला लागली. ती बरी होती, पण प्रत्येक वाक्य लाडात बोलायची. मी आणखी एक-दोन मालिका केल्या. एकीत शेवट नव्हता, एकीत शेवटच्या भागात सगळं स्वप्न होतं. मला तिथे बसवेना. बंद खिडक्या, ओलसर गाद्या, आणि पडद्यावर नुसतं हसणं, कोणाचंच काही पुरं न होता. मीही सोडलं.

शरयूताईंना मात्र मी भेटत राहिले. शैलाने स्टेशनजवळ पोळी-भाजीचं केंद्र सुरू केलं होतं. काही महिने ती शरयूताईंशी बोलली नाही. मग सोनलच्या हातून एक दिवस पोळ्या आल्या, मग भाजी, मग ती स्वतः. शरयूताई रोज तिच्याकडचंच जेवायला लागल्या. दोघींमध्ये मिठापासून नळापर्यंत सगळं बोलणं व्हायचं. ते एक सोडून.

मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही आणि इतकी वर्षं न विचारता? विठ्ठलवाडीला वर काय झालं ते?"

"नाही."

"माहिती करून घ्यावंसं वाटत नाही?"

"वाटतं तर. झोप लागत नाही कधी कधी, इतकं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण मी एकदा तिची बातमी तिच्याआधी घेऊन बसले होते. आठ दिवस. आता ती देईल तेव्हा."

शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना होता, पाण्याची बोंब होती. मी दुपारी त्यांच्याकडे गेले तर सगळी इमारत खाली सार्वजनिक नळाशी रांगेत. शरयूताईही बादली घेऊन उभ्या, मागे शैला दोन हंडे घेऊन. त्यांचा नंबर लागला, बादली नळाखाली गेली. मी बाजूला भिंतीच्या सावलीत उभी राहिले. सुट्टीत पोरं घरी म्हणून पहिल्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू होता. बदकांचं गाणं लागलं. तीच मालिका, आमचेच आवाज. कितव्यांदा कोण जाणे.

शैलाने वर बघितलं. "त्या दिवशी तिथं हेच लागलेलं," ती म्हणाली.

शरयूताई तिच्याकडे वळल्या.

"मी वर गेले ना, तेव्हा. पहिला भाग होता, बापूराव मीठ आणायला जातात तो. ह्या माणसाच्या मांडीवर तिचं पोरगं. दोघं बघत बसलेले, हसत होते. मला बघितलं आणि त्याने आवाज बारीक केला. बंद नाही केला, ताई. बारीक केला." ती हंडा पदराने पुसत होती, पुसलेलाच परत पुसत होती. "त्या बाईनं पाणी आणून दिलं. तिला बिचारीला काही माहीतच नव्हतं, तिला वाटलं मी गावाकडची कोण आलेय. मी खाली बसले. भाग संपेपर्यंत बसले. तो माझ्याकडे बघेना. टीव्हीकडेच बघत होता, आवाज बारीक केलेल्या. मग उठले. म्हटलं, सोनलला सांगून झालंय, तुम्ही येणार नाही ते. ऐकून पोरगी हसली. आता येऊ नका. कधी वाटलं तरी येऊ नका. आणि आले खाली."

तिने हंडा खाली ठेवला.

"एवढंच," शैला म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही विचाराल."

शरयूताईंनी डोळे मिटले नाहीत, पदर लावला नाही, 'शी' नाही, काही नाही. नुसत्या शैलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, तिचं बोलणं अजून कानात उतरत असल्यासारख्या. त्यांच्या मागे बादली भरून वाहायला लागली होती. पाणी त्यांच्या चपलांवरून, निऱ्यांवरून गटारात चाललं होतं, आणि मागून सगळी रांग ओरडत होती, "अहो आजी, बादली भरली! नळ बंद करा! आजी!"